आयर्लंडमधील जुनी वृत्तपत्रे : बातम्या आणि जाहिराती

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी आयर्लंडमध्ये निघणारे वृत्तपत्र म्हणजे एक मोठा कागद मधोमध दुमडून केलेली चार दाट छापलेली पाने. पहिल्या पानावर बहुधा बातमी नसे. तेथे जाहिराती असत. आतील पानांवर लंडनच्या पत्रांतून उतरून घेतलेला मजकूर : पार्लमेंटातील भाषणे, नेपोलियनशी चाललेले युद्ध, सरकारी रोख्यांचे भाव. हा मजकूर हॉलीहेड बंदरातून टपालाच्या गलबतांनी डब्लिनला येई. वारा प्रतिकूल असला, की अमुक इतकी टपाले यावयाची आहेत, असे कळवून संपादक मोकळा होई. १८०१ साली आयर्लंडचे पार्लमेंट संपुष्टात आल्यानंतर तर लंडनकडे डोळे लावून बसणे हा या पत्रांचा नित्यक्रमच झाला. ज्या देशात ती छापली जात, त्या देशाची हकीकत मात्र थोडक्या ओळींत उरकलेली आढळते.

यामागे दोन कारणे होती. पहिले कारण कराचे. आयरिश वृत्तपत्रांवरील मुद्रांक कर १७७४ पासून चालू होता आणि पुढे तो वाढत गेला. प्रत्येक जाहिरातीवरही निराळा कर बसे. १८३३ मध्ये तो एक शिलिंगावर आणण्यात आला. त्यापूर्वी तो अडीच शिलिंग होता. दिवसाकाठी आठ-दहा पेन्सही मुश्किलीने मिळविणाऱ्या शेतमजुराच्या दृष्टीने ही तीन-चार दिवसांची मजुरी झाली. साहजिकच अंक महाग, खप थोडा आणि एकेक प्रत अनेक हातांतून फिरणारी. शिवाय ही पत्रे इंग्रजीत निघत आणि लोकसंख्येचा फार मोठा भाग आयरिश भाषा बोलणारा होता. कोणीतरी वाचून दाखवावे व इतरांनी ऐकावे, हाच बहुतेकांचा वृत्तपत्राशी संबंध.

दुसरे कारण सरकारचे. डब्लिन कॅसलमधील शासन आपले जाहीरनामे छापण्यासाठी वृत्तपत्रांना पैसे देई. हे पैसे मर्जीतल्या पत्रांकडेच वळत आणि एकच जाहीरनामा अंकामागून अंक छापला जाई. १७६३ साली देशाभिमानी पत्र म्हणून निघालेले ‘फ्रीमन्स जर्नल’ फ्रान्सिस हिगिन्सच्या ताब्यात गेल्यावर सरकारी पैशांवर पोसले गेले, ते याच रीतीने. विरोधी पत्रांच्या वाट्याला खटले येत. ‘डब्लिन इव्हिनिंग पोस्ट’चे मालक जॉन मॅगी यांनी मावळते लॉर्ड लेफ्टनंट ड्यूक ऑफ रिचमंड यांच्या कारभारावर टीका छापली, म्हणून १८१३ मध्ये त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला. बचावासाठी डॅनियल ओ’कॉनेल उभे राहिले. त्यांच्या भाषणाने न्यायाधीश, सरकारी वकील आणि ज्यूरी यांपैकी कोणाचीच गय केली नाही. ते भाषण गाजले. अशिलाला मात्र दोन वर्षांचा कारावास आणि ५०० पौंड दंड झाला.

तेव्हा संपादकाने जे लिहिले त्यापेक्षा लोकांनी पैसे देऊन जे छापविले त्यातच त्या काळचा आयर्लंड अधिक स्पष्ट दिसतो, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. जमिनीच्या जाहिरातीच घ्या. एखादे शेत ‘तीन आयुष्ये अथवा एकतीस वर्षे’ या मुदतीने पट्ट्याने द्यावयाचे आहे, असे त्यांत असे. पट्ट्यात तीन माणसांची नावे घालीत. त्यांतील शेवटचा माणूस मरेपर्यंत पट्टा चाले. म्हणून नावे निवडताना धडधाकट मुलांची निवडीत. राजघराण्यातील मुलांचीही घालीत, कारण त्यांचा मृत्यू लपून राहण्याजोगा नव्हता. एकतीस वर्षांच्या आकड्यालाही इतिहास होता. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना याहून दीर्घ मुदतीचा पट्टा घेता येत नसे. ते बंधन १७७८ मध्ये सैल झाले, तरी आकडा रूढ होऊन बसला. मुदत संपली, की जाहिरात पुन्हा निघे आणि जास्त खंड देणाऱ्याला जमीन मिळे. जुन्या कुळाचे पुढे काय झाले, हे त्या जाहिरातीत अर्थातच नसे.

त्याचे उत्तर पुष्कळदा शेजारच्याच स्तंभात सापडते. बेलफास्ट, लंडनडेरी, न्यूरी या बंदरांतून फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अथवा क्वेबेकला निघणाऱ्या जहाजांच्या जाहिराती तेथे असत. अमेरिकेहून जवसाचे बी घेऊन येणारी जहाजे परतीच्या वाटेवर माणसे नेत. जहाज प्रशस्त, पाणी व शिधा मुबलक, कप्तान दयाळू, असे वर्णन ठरलेलेच. सुखरूप पोहोचलेल्या उतारूंनी कप्तानाचे आभार मानणारी पत्रेही छापून येत. तीही एक प्रकारची जाहिरातच होती. १८०३ च्या कायद्याने जहाजाच्या दर दोन टनांमागे एकच उतारू घ्यावा असे ठरविले. भाडे त्यामुळे वाढले, आणि जाणाऱ्यांत अगदी दरिद्री माणसे पूर्वीपेक्षा कमी राहिली.

गरिबाचे वर्णन वृत्तपत्रात येई ते बहुधा कोणी त्याचा शोध करीत असेल तेव्हा. उमेदवारी सोडून पळालेला मुलगा, पलटणीतून फरारी झालेला शिपाई, यांची उंची, केसांचा रंग, अंगावरचा कोट, चेहऱ्यावरील देवीचे वण हे सारे तपशीलवार दिलेले असे. घर सोडून गेलेल्या पत्नीचे कर्ज आपण फेडणार नाही, अशी पतीची नोटीस नेहमीचीच होती. पत्नीची बाजू क्वचितच छापली जाई. गावात दंगा किंवा खून झाला, की मॅजिस्ट्रेटांची सभा भरे आणि बक्षिसासाठी कोणी किती वर्गणी दिली त्याची यादी प्रसिद्ध होई. १८२१ ते १८२४ च्या सुमारास मन्स्टरमधील बंडखोर शेतकरी ‘कॅप्टन रॉक’ या नावाने धमकीची पत्रके चिकटवीत. त्यांची भाषा सरकारी जाहीरनाम्यांचीच असे : ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारी, आज्ञा देणारी आणि शेवटी दंड सांगणारी. जाहीरनाम्यांचा एवढा मारा ऐकलेल्या लोकांनी ती शैली उचलावी, यात नवल नाही.

या जाहिरातींना पुढे निराळेच महत्त्व आले. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेची बहुतेक कागदपत्रे, असंख्य मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याच्या आसपास नोंदवह्या त्यात नष्ट झाल्या. जन्ममृत्यूची सर्वांसाठी सरकारी नोंद तर १८६४ पासूनच सुरू झालेली. त्यामुळे १८१५ साली मरण पावलेल्या एखाद्या व्यापाऱ्याचे अथवा पाद्र्याचे नाव शोधणाऱ्याला वृत्तपत्रातील दोन ओळींवरच भिस्त ठेवावी लागते. व्यापारी, पाद्री, जमीनदार व लष्करी अधिकारी यांची निधने छापली जात. कुळांची व मजुरांची क्वचितच.

या दोन ओळीही जपून वाचाव्या लागतात. एका पत्रात आलेले निधनवृत्त दुसरी पत्रे जसेच्या तसे उतरवीत आणि त्यातील ‘गेल्या गुरुवारी’ हे शब्द पंधरा दिवसांनंतरही तसेच राहत. म्हणून जाणकार शोधक ते वृत्त सर्वांत आधी छापणारा अंक, बहुधा मृताच्या गावाजवळच्या पत्राचा, हुडकून काढतो आणि त्या अंकाच्या तारखेवरून मागचा गुरुवार मोजतो.