मोटारीची पाटी वाचा

विहिरीवरची मोटार जळाली. पंप चांगला आहे, फक्त मोटार बदलायची. दुकानदार विचारतो, "कितीची देऊ?" आपण सांगतो, "पाच हॉर्सपॉवरची." तेवढ्यानं भागतं का? नाही भागत.

जुन्या मोटारीवर पत्र्याची पाटी असते. मेन स्विच बंद करून ती फडक्यानं पुसावी. तिच्यावर ५ एच.पी., ४१५ व्होल्ट, ३ फेज, १४४० आर.पी.एम. असं काही लिहिलेलं असतं. आर.पी.एम. म्हणजे मिनिटाला फेरे. आम्ही तरी आधी फेरेच पाहतो. लोक नेमके तेच विसरतात.

पाचाचीच मोटार २८८० फेऱ्यांचीही मिळते. ती या पंपाला जोडली की पंप दुप्पट वेगानं फिरू लागतो. पाणी जास्त येईल, बरंच झालं, असं वाटतं. पण वेग दुप्पट झाला की ताकद दुप्पट नव्हे, सुमारे आठपट लागते! चाळीस घोड्यांचं काम पाच घोड्यांनी कसं करावं? आतली तार तापते आणि नवी कोरी मोटार जळते. उलट, फेरे निम्मे केले तर पाणी चढायची उंची पावच राहते. मग पाणी मळ्यापर्यंत येतच नाही.

जुनी पाटी गळून पडली असेल तर पंपाची पाटी पाहावी. तिथंही फेरे दिलेले असतात.

पाटीवर अँपिअरचाही आकडा असतो. पुऱ्या भारावर मोटार किती वीज ओढते, ते तो सांगतो. स्टार्टरमधला रिले त्याच आकड्याला लावतात. नवी मोटार सुरू केल्यावर वायरमनला मीटर लावून बघायला सांगा. आकडा पाटीच्या वर गेला तर मोटार लगेच बंद करा.