बांध सरकवला तेव्हा

टर्मिनलची खिडकी मी लॅपटॉपच्या पडद्याभर ताणली होती, तरी जीडीबी हा डीबगर वरच्या अर्ध्यातच अंग चोरून बसला होता. खालचा अर्धा पडदा नुसता काळा. जर्मनीत, स्टुटगार्टच्या पलीकडच्या एका गावात, कारखान्याच्या चाचणी-टेबलाशी मी बसलो होतो. समोर यंत्राचा कंट्रोलर बोर्ड सुटा काढून ठेवलेला, मोटारींचा वीजपुरवठा तोडलेला. बोर्ड आणि लॅपटॉप यांच्यात एकच सिरियल केबल होती. नेटवर्क जोडायची परवानगी नव्हती.

तक्रार सोपी वाटत होती. सकाळी सहाला सुरू केलेलं यंत्र मध्यरात्रीनंतर सव्वाबाराच्या सुमारास थांबायचं आणि ‘सेन्सरकडून उत्तर नाही’ असं सांगायचं. सेन्सर ठणठणीत होता. दोन पाळ्या चालत तेव्हा यंत्र रात्री दहाला बंद व्हायचं आणि कुणाला काही खटकलं नव्हतं. तिसरी पाळी सुरू झाली आणि हे दुखणं निघालं.

आधी तो काळा अर्धा पडदा. नेटवर्कवरून एसएसएचने जोडलं की खिडकी लहानमोठी केल्याची बातमी पलीकडे पोचते. तिथला लिनक्स प्रोग्रामला ‘सिगविंच’ नावाचा इशारा देतो आणि प्रोग्राम स्वतःला नव्या मापात मांडतो. सिरियल केबलमधून फक्त अक्षरं जातात, खिडकीचं माप जात नाही. माप कळलं नाही की प्रोग्राम २४ ओळी आणि ८० रकाने धरून चालतो. १९७८च्या व्हीटी१०० टर्मिनलचं हे माप अजून सुटलेलं नाही. मी जीडीबीतून बाहेर आलो, ‘एसटीटीवाय’ कमांडने ५० ओळी आणि १३२ रकाने असं बोर्डाला हाताने सांगितलं आणि परत आत गेलो. आता पडदा भरला. मात्र १,१५,२०० बॉडच्या केबलमधून सेकंदाला साडेअकरा हजारांच्या आसपास अक्षरं जातात. ६,६०० अक्षरांचा पडदा नव्याने रंगायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, आणि तो वरून खाली रंगत येताना डोळ्यांना दिसतो.

जीडीबीच्या मजकुरी पडद्यावर वर सोर्सची चौकट असते, खाली कमांडची, आणि मध्ये स्टेटसची एकच ओळ. ही ओळ म्हणजे दोन शेतांमधला बांध. तो सरकवला की एकाचं वावर वाढतं आणि दुसऱ्याचं तेवढंच घटतं. मूळ वाटणी दोनास एक अशी असते. २४ ओळींच्या पडद्यावर सोर्सला पंधरा-सोळा ओळी मिळतात, त्यातल्या दोन कडा खातात, आणि कमांडला सात-आठ उरतात.

वाटणी कशी हवी, हे कामावर ठरतं. अनोळखी कोड वाचत असाल तर सोर्सला जागा द्यावी. मला मात्र लागोपाठच्या आकड्यांची तुलना करायची होती. कमांडच्या चौकटीत वर गेलेली ओळ मागे सरकवून पाहता येत नाही, ती गेली ती गेलीच. त्या चौकटीची उंची म्हणजे माझी स्मरणशक्ती, असं मी या कामात मानतो.

शेजारी कारखान्याचे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ उभे होते. शिकत असताना ते डीडीडी वापरायचे. ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठात डोरोथेआ ल्यूटकेहाउस आणि आंद्रेआस त्सेलर यांनी नव्वदच्या दशकात केलेला हा डीबगर आत जीडीबीच चालवायचा, पण डेटाच्या रचना चौकोन आणि बाण काढून दाखवायचा. “त्यात असं मोजूनमापून बसावं लागत नव्हतं,” ते म्हणाले. खरं आहे. पण ती चित्रं या केबलमधून येणार नव्हती.

वेळ मोजणारा काउंटर सेकंदाला एकाने वाढत होता. अठरा तास थांबायला नको म्हणून मी त्यात ६५५०० भरले, तपासणीच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला आणि तीन चलं ‘डिस्प्ले’वर टाकली: आत्ताची वेळ, सेन्सरच्या शेवटच्या संदेशाची वेळ आणि दोघांतला फरक. प्रत्येक थांब्याला साधारण सात ओळी लागत होत्या. पन्नास ओळींतही कमांडला सोळाच आल्या होत्या, म्हणजे दोन थांबे जेमतेम. मला आधीचे दोन आणि बिघडलेला एक, असे तिन्ही एकत्र हवे होते. ‘विनहाइट सीएमडी +८’ दिलं. सोर्स पंचवीस ओळींवर आला, तपासणीचं फंक्शन तरीही पूर्ण दिसत होतं. कमांडला चोवीस मिळाल्या.

मग एकेक सेकंद पुढे. संदेशाची वेळ ६५५३०. आत्ताची वेळ ६५५३४, फरक ४. पुढचा थांबा: ६५५३५, फरक ५. त्यापुढचा: ०, आणि फरक ४२९४९०१७६६.

तंत्रज्ञांनी बोट थेट शेवटच्या आकड्यावर ठेवलं. तिन्ही एकाखाली एक होते म्हणून काही समजावून सांगावं लागलं नाही. काउंटर १६ बिटांचा, तो ६५५३५ नंतर शून्यावर येतो. ६५५३६ सेकंद म्हणजे १८ तास, १२ मिनिटं, १६ सेकंद. तिथपर्यंत ठीक आहे. पण सी भाषा वजाबाकी करताना १६ बिटांच्या संख्या आधी मोठ्या करते, म्हणून उत्तर उणे ६५५३० आलं. ते ३२ बिटांच्या, उणे न जाणाऱ्या चलात टाकल्यावर त्याचा हा राक्षस झाला. मर्यादा होती ३० सेकंदांची.

फरक १६ बिटांतच ठेवायचा, एवढीच दुरुस्ती होती. मी ‘टीयूआय न्यू-लेआउट’ने सोर्स आणि कमांडला सारखं वजन देणारी मांडणी जीडीबीच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहून ठेवली. ही सोय २०२०च्या जीडीबी १० पासून आहे. ठरावीक ओळींऐवजी वजन दिलेलं असलं की पुढच्या माणसाचा पडदा केवढाही असो, वाटणी त्याच प्रमाणात राहते.

नवा प्रोग्राम चढवला, काउंटरमध्ये पुन्हा ६५५०० भरले, आणि आम्ही दोघं खालच्या चौकटीकडे पाहत राहिलो. ४. ५. ६.