पूल शिकायचा, तर अदबही शिका

मुलानं ‘पूल खेळायला जातो’ म्हटलं, की भंडाऱ्यातल्या आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो: तिथं पैसे लावतात का? प्रश्न रास्तच आहे. शर्त लावली की तो जुगार, तिथं तडजोड नाही. पण खेळाचा त्यात दोष नाही. पूलच्याच कुळातल्या स्नूकरमध्ये मुंबईचे यासीन मर्चंट १९८९ आणि २००१ साली आशियाई विजेते झाले.

स्पर्धेचं पूल टेबल ९ फुटी असतं, बॉल सुमारे ५७ मिलिमीटरचा. क्यूच्या, म्हणजे काठीच्या, चामडी टोकाला चॉक लावतात. नाहीतर टोक बॉलवरून घसरतं. मागच्या हातानं क्यू सैल धरायची, पुढचा हात टेबलावर पक्का टेकवायचा, हनुवटी काठीजवळ आणायची. फटका मारल्यावरही लगेच उठायचं नाही. इथं जोरापेक्षा सरळ हात कामी येतो.

आता अदब. समोरचा खेळत असताना आपण खुर्चीत बसायचं, त्याच्या नजरेसमोर हलायचं नाही. आपली बाही बॉलला लागली, तर कोणी पाहिलं नसलं तरी आपणच ‘फाउल’ म्हणायचं. मग पांढरा बॉल समोरच्याच्या हाती जातो. तो हवा तिथं ठेवून खेळतो. एका खऱ्या शब्दानं डावही जाऊ शकतो.

म्हणून पालकांनी एकदा स्वतः जाऊन बसावं. शर्त आणि धूर नाही ना, हे बघावं. आणि पोरं आपला फाउल आपण सांगतात का, हेही.