तलावाची पाळी

गेल्या भाद्रपदात मुरबाडकडचे एक शेतकरी नातवाला घेऊन ठाण्याला डॉक्टरांकडे आले होते. आमची जुनी ओळख. काम उरकले, परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून नौपाड्यातल्या आमच्या घरून आम्ही पायीच निघालो. “चला, तलावपाळीवर घटकाभर बसू,” मी म्हणालो. ते चालता चालता थांबलेच.

“साहेब, पाळी पाण्याची असते, कुळवाची असते. तलावाला कसली पाळी?”

ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठाला सगळे शहर तलावपाळी म्हणते. संध्याकाळी तिथे नावेत बसायला, भेळ खायला, कोपिनेश्वराच्या दर्शनाला माणसांची रीघ असते. मीही तीस वर्षे हा शब्द वापरतो आहे, पण त्याचा अर्थ मला कोणी विचारला नव्हता. उत्तर मात्र त्यांच्याच कानाला चिकटलेले होते.

“भाऊ, कानाच्या खालच्या मऊ कडेला काय म्हणता?”

“पाळी.”

“तीच ही.”

पाळी म्हणजे कड, काठ. संस्कृतात ‘पालि’ या शब्दाचे अर्थ कानाची पाळी, कड आणि पाणी अडवणारा बांध असे आहेत. झाडाच्या आळ्याभोवती मातीचा जो उंचवटा आपण करतो त्याला पाळ म्हणतो. गुजरातेत आणि राजस्थानात तर तलावाच्या बांधालाच पाळ म्हणतात. म्हणजे तलावपाळी हा तलावाचा बांध झाला. शहराने बांधावर फरसबंदी केली, बाके टाकली, आणि नाव तेवढे शेतकऱ्याचे राहिले.

हा शब्द किती जुना असावा? गिरनारच्या पायथ्याशी, जुनागडला, एका मोठ्या खडकावर क्षत्रप राजा रुद्रदामन् याचा लेख कोरलेला आहे. काळ इ. स. १५० च्या सुमाराचा. हा लेख कोणत्या लढाईसाठी कोरलेला नाही, एका फुटलेल्या तलावाच्या दुरुस्तीसाठी कोरलेला आहे. तलावाचे नाव सुदर्शन. चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने, पुष्यगुप्ताने, तो बांधला; अशोकाच्या वेळी तुषास्फाने त्याला पाट काढले. पुढे मार्गशीर्षात मोठे वादळ आणि अवकाळी पाऊस झाला, नद्यांना पूर आला, आणि बांधाला ४२० हात लांब, तितकेच रुंद व ७५ हात खोल असे भगदाड पडले. तलाव रिकामा झाला. राजाच्या सल्लागारांनी, हे काम होणारे नाही म्हणून हात झटकले. लोक हवालदिल झाले. तेव्हा सुविशाख नावाच्या अमात्याने ते काम उचलले आणि पूर्वीपेक्षा मजबूत बांध घातला. त्यासाठी रयतेवर ना जादा कर बसवला, ना वेठबिगार लावली. खर्च राजाच्या खजिन्यातून झाला, असे त्या लेखात मुद्दाम नोंदवले आहे. (हा मजकूर रोजगाराच्या कामांवरच्या आम्हा अधिकाऱ्यांनी एकदा तरी वाचावा.)

त्या लेखाच्या सुरुवातीलाच तलावाला ‘तडाक’ म्हटले आहे, आणि माती-दगडाच्या, कुठे सांधा न दिसणाऱ्या मजबूत बांधासाठी जो शब्द वापरला आहे तो आहे ‘पाळी’. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी एका खडकावर कोरलेले हे दोन शब्द आज ठाण्यात रिक्षावाला एका दमात उच्चारतो.

तडाक, तडाग, तटाक अशी या शब्दाची संस्कृतात तीन रूपे आढळतात. हा शब्द संस्कृताने इथल्याच दुसऱ्या एखाद्या जुन्या भाषेतून उचलला असावा, असे काही अभ्यासक मानतात. प्राकृतात तो ‘तलाग’, ‘तलाअ’ असा घासला गेला आणि आपल्याकडे ‘तलाव’ होऊन राहिला. हिंदीत तो ‘तालाब’ झाला, त्याची गंमत आहे. फारसीत आब म्हणजे पाणी. फारसी जाणणाऱ्यांना शेवटच्या ‘आव’मध्ये आपले ‘आब’ ऐकू आले आणि त्यांनी शब्दाला तसे वळण दिले. तळे म्हटले की आपल्यालाही ‘तळ’ ऐकू येतोच. शब्दाचे मूळ काही असो, तळ धरला तरच तळे टिकते, हे शेततळे खोदलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

ठाण्यात आज पस्तीसच्या आसपास तलाव आहेत, पूर्वी याहून पुष्कळ होते. पाणी गेले तरी नावे मागे राहतात. नौपाड्याजवळच उथळसर आहे. या नावात ‘सर’ हा तळ्याचा जुना संस्कृत शब्द उघड दिसतो, आणि पाणी कसे होते तेही. ‘सर’ म्हणजे तळे, त्यातले मोठे व उत्तम ते सरोवर. सरावर राहणारा पक्षी तो सारस. सरस्वती नदीच्या नावाचा मूळ अर्थही ‘जिच्यात डोह-तळी आहेत ती’ असाच लावतात. डोह शब्दही असाच चालत आला आहे: संस्कृत ‘ह्रद’, प्राकृत ‘द्रह’ आणि ‘दह’, मराठी ‘डोह’.

पण इथे एक सावधगिरी सांगतो. संस्कृतात तळ्याला ‘कासार’ असाही शब्द आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवली आहे. हा धागा दिसताच तळे सापडले म्हणून मला आनंद झाला होता. पण बांगड्या भरणारे आणि भांडी विकणारे कासार आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि गावाला नाव देताना लोक संस्कृत कोश उघडत नाहीत. शब्द सारखा दिसला म्हणून सोयरीक जमत नाही, गोत्र पाहावे लागते.

पोखरणचे गोत्र मात्र पक्के आहे. ठाण्यात पोखरण रस्ता क्रमांक १ आणि २ असे दोन रस्ते आहेत. बसमध्ये बसणाऱ्याला राजस्थानातला अणुस्फोट आठवतो. मूळ शब्द पुष्कर आणि पुष्करिणी, म्हणजे कमळांचे तळे. त्याचे बंगालीत पुकुर झाले, बिहारकडे पोखर आणि पोखरी झाले, नेपाळात पोखरा शहर झाले. आपल्याकडे देवळापुढच्या बांधीव कुंडाला पुष्करणी म्हणतात ती हीच. एका मेळाव्यात एका तरुणाने मला विचारले होते, “खोडकिडा ऊस पोखरतो, तसे जमीन पोखरून केले म्हणून पोखरण का?” उत्तर चुकीचे होते, पण असे विचारणारा मुलगा मेळाव्यात असला की बोलणाऱ्याचा दिवस चांगला जातो.

ठाण्याच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या भिक्षूंनी खडकात पावसाचे पाणी साठवायला जी टाकी खोदली, त्यांच्यावरच्या प्राकृत लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कोणी व्यापाऱ्याने, कोणी बाईने पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. हा शब्द आज आपल्या बोलण्यातून पार गेला. त्याची जागा टाके आणि हौद यांनी घेतली. हौद अरबी ‘हौद’वरून आला. गुजरातीतल्या टांक्याची गाठ समुद्रावरून आलेल्या एका परक्या शब्दाशी पडली. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि ठाण्यावरही त्यांचा अंमल बसला. त्यांच्या भाषेत साठवलेल्या पाण्याला ‘तांके’ म्हणतात, आणि तो शब्द प्रवाह रोखणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. ‘टांकुं’ आणि ‘तांके’ या दोहोंच्या मिश्रणातून इंग्रजांचा ‘टँक’ झाला, आणि ते आपल्या तलावांना टँक म्हणू लागले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ची हाक ज्या मैदानातून दिली गेली ते मुंबईचे गवालिया टँक. तिथे तेव्हाही तलाव दिसत नव्हता, मैदानच होते. धोबी तलावाचेही तेच.

दक्षिणेला गेले की शब्द बदलतात, विचार मात्र तोच. सोलापूर-कोल्हापूरच्या सीमेपलीकडे कन्नडमध्ये तलावाला ‘केरे’ म्हणतात, तेलुगूत ‘चेरुवु’. तमिळमध्ये ‘चिरै’ म्हणजे पाणी अडवणारा बांध, तसाच तुरुंगही. कन्नडमध्ये ‘सेरे’ म्हणजे कैद. हे सारे एकाच धातूचे शब्द आहेत: अडवणे, कोंडणे. तलाव म्हणजे कैद केलेले पाणी. ठाण्यात तुरुंगाजवळच्या एका तळ्याला जेल तलाव म्हणतात. हा निव्वळ योगायोग, पण कानडी माणसाला ऐकवला तर तो हसेल. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपण गावोगावच्या भिंतींवर रंगवली. तिचा पहिला अर्धा भाग आपल्या शेजाऱ्यांनी शब्दातच घालून ठेवला होता.

परदेशात पाहिले तर जिथे तळी निसर्गाने दिली तिथे शब्दात अडवणे नाही. इंग्रजीतला जुना ‘मिअर’, जर्मन ‘मेअर’ आणि लॅटिन ‘मारे’ एकाच घरातले; कुठे त्याचा अर्थ तळे, कुठे समुद्र. फारसीत बाग लहान झाली की बगीचा, तसा दर्या लहान झाला की ‘दर्याचे’, म्हणजे सरोवर. आपल्या ‘पल्वल’ या डबक्याच्या संस्कृत शब्दाचे नाते लॅटिन भाषेतल्या दलदलीच्या शब्दाशी, ‘पालुस’शी, लागते. इतक्या दूर फक्त चिखलाचे नाते टिकले, याचे मला हसू येते.

आता पाहुण्यांकडे येतो. आमची ओळख झाली ती माझ्या चुकीतून. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे शेततळे करायचे ठरले. त्यांच्या दोन जागा होत्या. एक रस्त्यालगतची, उताराची, मुरमाड. दुसरी आत, तिला घरात ‘तळ्याचं खाचर’ म्हणत. त्यांची आई तेव्हा होती. ती म्हणाली, “बाबा, खणायचं तर तळ्याच्या खाचरात खण.” मी पदवीधर. मी बघितले की आतल्या जागी यंत्र न्यायला वाट नाही, आणि खाचरात तळे नव्हतेच, भात होता. नावावरून काय ठरवायचे? रस्त्यालगतची जागा आखून दिली. परीक्षेचा खड्डा घेऊन मातीत चिकण किती आहे ते पाहायला हवे होते, तेही घाईत राहिले. पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले. दिवाळीनंतर महिनाभरात तळाला भेगा दिसल्या. मुरमाने पाणी पिऊन टाकले, भेंडीचे पीक वाळले, आणि बियाण्या-खताचे पैसे त्या घराचे गेले. माझा पगार मात्र वेळेवर झाला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी कोणाला न विचारता, घरच्या माणसांच्या जोरावर, तळ्याच्या खाचरात खणायला घेतले. दीड हातावर काळा चिकण गाळ लागला, आणि खालच्या अंगाला दगडांची एक रांग. म्हातारीने ती पाहून एवढेच म्हटले, “ही पाळ.” कुणीतरी, केव्हातरी तिथे बांध घालून पाणी धरले होते. मग गाळ काढणे थांबले, तळे भरले, त्याचे खाचर झाले. नाव तेवढे घरात उरले. त्या तळ्याचे पाणी शिमग्यापर्यंत पुरते.

नाव बदलले की कामही बदलते, याचा उलटा अनुभवही मला आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या कामांपासून पुढे गावोगाव पाझर तलाव झाले. पाझर तलावाने पाणी धरून ठेवायचे नसते, खालच्या विहिरींत उतरवायचे असते. पण लोक त्याला नुसते तलाव म्हणू लागले, आणि मग तक्रारी आल्या की तलाव गळतो. एका गावात तर ‘गळक्या’ तलावाचा तळ चोपून बंद करा, असा अर्जच आला होता. तसे केले असते तर खालच्या विहिरी कोरड्या पडल्या असत्या. ‘पाझर’ हा अर्धा शब्द गळला म्हणून हा घोटाळा. उलट विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडे, बोडी वेगळी आणि तलाव वेगळा. बोडी म्हणजे भाताच्या बांधीसाठी स्वतःच्या शेतात केलेली लहान तळी. तिथला शेतकरी या दोहोंत गल्लत करत नाही.

म्हणून माझे सांगणे इतकेच. सातबाराच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. मी पाहिलेल्या बहुतेक उताऱ्यांवर तो रिकामा आहे. गट नंबर आला आणि नाव गेले. घरात म्हातारे माणूस असेल तोवर प्रत्येक तुकड्याचे नाव विचारून वहीत लिहून ठेवा: तळ्याखालचे, पाळीचे, डोहाचे, बोडीचे, जे असेल ते. शेततळ्याची जागा ठरवताना ती वही आमच्यासारख्या अधिकाऱ्यापुढे ठेवा, आणि नंतर खड्डा घेऊन माती तपासाच. कासारवडवलीची गोष्ट विसरू नका. तळ्याचा गाळ उचलायला जाल तेव्हा पाळीचे दगड हलवू नका.

त्या संध्याकाळी मासुंद्याच्या कठड्यावर बसून पाहुण्यांनी हे सगळे ऐकले. मग खाली वाकून कठड्याचा पाया पाहिला, पाण्यावरच्या दिव्यांकडे बघितले आणि विचारले, “ह्याचा गाळ कोण काढतो?” मी सांगितले, महानगरपालिका. “दर वर्षी?” या प्रश्नाला मी काही बोललो नाही. त्यांच्या उताऱ्यावरही तो रकाना रिकामाच आहे. तिथे ‘तळ्याचं खाचर’ लिहून घ्यायचे, असे गाडीत बसताना ते नातवाला सांगत होते.