जोडलेला एक्स-रे आणि अर्ध्या ठिपक्याचा घोळ

चुडाव्याहून पूर्णा किंवा नांदेड गाठायला रेल्वे आहे. शेतात आयुष्य गेलेला, गुडघे बाहेर वाकलेला माणूस तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पोहोचतो. गुडघा बदलायचे ठरू लागले, की डॉक्टर अनेकदा खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्ख्या पायाचा, उभ्याने काढलेला एक्स-रे मागतात. खुबा, गुडघा आणि घोटा यांचे मध्यबिंदू जोडले की पाय किती अंश वाकला आहे ते कळते. हाड कोणत्या कोनात कापायचे, हे त्यावरून ठरवतात.

अडचण अशी, की नेहमीची एक्स-रे प्लेट जास्तीत जास्त ४३ सेंटिमीटर लांब असते आणि मोठ्या माणसाचा पाय खुब्यापासून घोट्यापर्यंत साधारण ८० सेंटिमीटर भरतो. म्हणून दोन-तीन एक्स-रे काढून संगणक ते जोडतो. मोबाइलवर पॅनोरमा फोटो तयार होतो, तसेच हे काम.

डिजिटल चित्र म्हणजे ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची जाळी. प्रत्येक ठिपक्याला रांग आणि ओळ असा पत्ता असतो. दोन चित्रांत सामाईक असलेला भाग शोधून, पत्ते जुळेपर्यंत सॉफ्टवेअर एक चित्र सरकवते, फिरवते.

गोम पत्त्यात आहे. वाफ्यातली रोपे मोजताना एकाने बांधापासून सुरुवात केली आणि दुसऱ्याने पहिल्या रोपापासून, तर दोघांचे आकडे जुळत नाहीत. पिक्सेलचेही तसेच. शून्य कुठे धरायचे? पहिल्या ठिपक्याच्या कडेवर की मध्यावर? फरक अर्ध्या ठिपक्याचा. दोन्ही चित्रांना एकच नियम लावला तर हरकत नाही. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा लागला, तर जोड सरकतो. वेग मिळावा म्हणून चित्र आठपट लहान करून जुळवले, तर तिथला अर्धा ठिपका मूळ चित्रात चार ठिपक्यांएवढा होतो.

तरीही ही चूक मिलिमीटरच्या आतबाहेरच राहते. मोठी चूक होते ती दोन एक्स-रेंच्या मध्ये रुग्ण हलला तर. गुडघ्याखालचा जोड आडवा एक सेंटिमीटर सरकला, तर ४० सेंटिमीटरच्या नडगीवर कोनात जवळपास दीड अंशाचा फरक पडतो. शस्त्रक्रियेत पाय सरळ रेषेच्या तीन अंशांच्या आत यावा, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. म्हणजे निम्मी सवलत जोडातच संपली.

उपाय साधे आहेत. एक्स-रे पूर्ण होईपर्यंत रुग्णाने हलू नये, गुडघ्याच्या वाट्या समोर ठेवाव्यात, वजन दोन्ही पायांवर घ्यावे. तोल जात असेल तर तंत्रज्ञाला आधीच सांगावे. सोबत ठेवलेल्या मोजपट्टीच्या खुणा जोडापाशी दुहेरी दिसल्या, एखादी गायब झाली किंवा हाडाची कड तुटल्यासारखी वाटली, तर कोन मोजण्याआधी तो एक्स-रे पुन्हा काढणे बरे. आणि फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो नातेवाइकांना दाखवायला ठीक. मोजमापासाठी मूळ फाइलच हवी. गाडीचा हेलपाटा एकदाच घडावा, यासाठी ती दवाखान्यातून मागून घ्यावी.