“बापाला मदत करतो” असे फॉर्मवर लिहू नका



गेल्या ऑगस्टची गोष्ट. बंदी उठून आठ-दहा दिवस झाले होते. जेटीवर बर्फ आणि डिझेलची धावपळ चालू होती. त्या गडबडीत आपल्या एका सभासदाचा मुलगा ऑफिसात आला. बीकॉम झालेला, वय २५. मोबाइलवर कॅट परीक्षेचा फॉर्म उघडा होता. म्हणाला, “काका, मला एमबीए करायचे आहे. चार वर्षे बाबांच्या ट्रॉलरचे काम बघितले असे सोसायटीचे पत्र द्याल?”

मी विचारले, फॉर्मवर कामाचे काय लिहिलेस रे? त्याने दाखवले. ‘वडिलांच्या धंद्यात मदत.’ अनुभवाचे महिने, शून्य.

“शून्य कसे?”

“पगार नाही, स्लिप नाही. कोणी विचारले तर दाखवू काय?”

मी रजिस्टरे काढली. डिझेल, बर्फ, मासळीची विक्री, सगळे वडिलांच्या नावावर. हा पोरगा रोज पहाटे माझ्यासमोर उभा असायचा, पण आपल्या कागदावर तो कुठेच नव्हता. खरे सांगतो, मलाच लाज वाटली. पण वहीत नाही ते पत्रात कसे लिहू? उद्या कोणी पडताळायला फोन केला तर मी अडकेन आणि तोही.

शेवटी डिझेलच्या पावत्यांनी वाचवले. पावती वडिलांच्या नावाची, पण ‘माल मिळाला’ खाली सही मुलाची. चार हंगामांच्या सगळ्या पावत्या काढल्या. त्याच्या बँकेच्या पासबुकात खलाशांना पाठवलेले पैसे सापडले. तेवढ्यावरच पत्र केले. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत त्याच्या सह्या आहेत आणि तो कोणते व्यवहार बघत होता, एवढेच लिहिले. एक शब्द जास्त नाही.

आता ही परीक्षा काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ घरांत वाटते की हे इंजिनीअर मुलांचेच काम. तसे नाही. कॅटला कुठल्याही शाखेची पदवी चालते. ५० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. नोकरीचा अनुभव असलाच पाहिजे असे नाही. पेपरात इंग्रजी वाचन, तर्क आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटे. पर्यायाचे उत्तर चुकले तर एक गुण जातो. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात भरायचा, परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटाला. म्हणजे नेमका आपला हंगाम! म्हणून अभ्यास जून-जुलैत, बंदीच्या ६१ दिवसांत उरकायला हवा.

कॅटचे गुण फक्त आयआयएममध्येच चालतात असेही नाही. आपल्या साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये चालतात. आणंदच्या ‘इर्मा’मध्येही चालतात. आपण सहकारातले, म्हणून इर्माबद्दल दोन शब्द. ही संस्था डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये काढली, ग्रामीण आणि सहकारी संस्थांना शिकलेले व्यवस्थापक मिळावेत म्हणून. स्वतः कुरियन शिकलेले इंजिनीअरिंग. १९४९ मध्ये आणंदला आले तेव्हा दुधाच्या धंद्यातले नव्हतेच. तिथे शेतकऱ्यांबरोबर काम करता करता शिकले.

आता मुद्द्याचे. अनुभव आपल्या पोरांकडे आहे, पण तो सांगता येत नाही. आमच्या ह्या मुलाला मी म्हटले, बस आणि तू काय काय करतोस ते सांग. म्हणाला, “काही नाही काका, बाबा सांगतात ते.” मग हळूहळू निघाले:

१. सहा खलाशी, ओडिशा आणि झारखंडचे. त्यांची उचल, वाटा, आजारपण, सणाला गावी जाणे, सगळे हाच बघतो. हे माणसे सांभाळणे झाले.

२. दर फेरीचा डिझेल, बर्फ, रेशनचा खर्च आणि मासळीचे आलेले पैसे हा मोबाइलात टिपतो. एका महिन्यात दहापैकी तीन फेऱ्यांत डिझेलही सुटले नाही, हे त्यानेच काढले आणि एक फेरी थांबवू म्हणाला. वडिलांनी झाडले! पण पुढच्या महिन्यात ऐकले. हा खर्चाचा हिशेब आणि निर्णय.

३. बांगडा जास्त आला की भाव पडतो. मग एजंटला किती द्यायचा, बर्फात किती ठेवायचा आणि आईच्या टोपलीत किती जायचा, ही बाजाराची समज. आणि ती त्याला शिकवली आईने. बाजारात बसून गिऱ्हाईक बघून भाव ठरवणाऱ्या आपल्या बायांना कोणी मॅनेजर म्हणत नाही, पण त्यांच्या मुलींनीही हा अनुभव मुलाखतीत अभिमानाने सांगावा.

‘मदत’ हा शब्द काढा. काय केले, किती माणसे, किती पैसे, काय चुकले आणि त्यातून काय बदलले, ते लिहा. फुगवू मात्र नका. मुलाखतीत समोर बसलेले चार प्रश्नांत खरे-खोटे ओळखतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अनुभवाचे गुण साधारणपणे पदवीनंतरच्या पूर्णवेळ कामालाच मिळतात, तेही कागद असेल तर. सुट्टीत जाळे ओढले ते महिन्यांत मोजत नाहीत. पण मुलाखतीत बोलायला ते तुमचेच आहे.

फीचाही विचार आधी करा. मोठ्या आयआयएममध्ये दोन वर्षांचे वीस लाखांच्या वर जातात. ट्रॉलर गहाण टाकण्याआधी पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. ठरावीक चांगल्या संस्थांसाठी त्यात तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजनाही आहे. अटी तिथेच जाऊन विचारा.

त्या मुलाचे काय झाले? एका संस्थेची मुलाखत आली. विचारले, डिझेल महागले आणि मासळी घटली तर काय करशील? त्याने ती तीन तोट्याच्या फेऱ्यांची गोष्ट आकड्यांसकट सांगितली. म्हणतो, तिथे वीस मिनिटे कशी गेली कळले नाही. पण गणिताचे गुण कमी पडले, निवड झाली नाही. ह्या वर्षी जून-जुलैत वडील जाळे विणत होते आणि हा शेजारी बसून गणिते सोडवत होता. फॉर्म पुन्हा भरला आहे. अनुभवाच्या रकान्यात आता शून्य नाही.

आपल्या समितीनेही ठरवले आहे. सभासदाच्या घरातला जो मुलगा किंवा मुलगी पूर्णवेळ धंद्यात आहे, त्याची वेगळी नोंद ह्या हंगामापासून ठेवायची. नाव, कामाला लागल्याची तारीख, काम काय, आणि दर महिन्याला सही. शक्य असेल तर घरातूनही थोडा पगार बँकेतून द्या, म्हणजे कागद आपोआप तयार होतो.

उद्या तुमच्या पोरांना एमबीए करायचेच असेल असे नाही. पण करायचे झाले तर पत्रासाठी जुन्या पावत्या उपसायची पाळी येऊ नये. ऑफिस सकाळी दहापासून उघडे असते. या, नाव लिहून जा.



– सचिव