पदवी हाती, अशील समोर

वैद्यकीय पदवीधराला स्वतंत्रपणे रुग्ण तपासण्यापूर्वी वर्षभर रुग्णालयात सक्तीने काम करावे लागते. विधी पदवीधरावर मात्र अशी सक्ती नाही. ही उणीव भरून काढण्याची मोठी संधी मोफत विधी साहाय्य केंद्रे देतात. सोलापूरसारख्या कामगारवस्तीच्या शहरात तिचे महत्त्व विशेष आहे.

सक्ती आली आणि गेली

१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली. भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९५ मध्ये नियम करून एक वर्षाची उमेदवारी पुन्हा आणली. परंतु ते नियम परिषदेच्या अधिकारकक्षेबाहेरचे असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात दिला. २०१० मध्ये अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षा लागू करण्यात आली. तथापि, घाबरलेल्या अशिलाकडून हकिकत कशी काढून घ्यावी, हे लेखी परीक्षेत तपासता येत नाही.

परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रात्यक्षिक काम आवश्यक आहे. मात्र ते शिक्षण चालू असतानाचे, तुकड्यातुकड्यांनी होणारे काम आहे.

केंद्रात काय शिकता येते?

राज्यघटनेतील कलम ३९ अ नुसार मोफत विधी साहाय्य पुरविणे हे राज्याचे कर्तव्य आहे. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता हे साहाय्य मिळते. विधी महाविद्यालयांत साहाय्य केंद्रे उभारून त्यांना मार्गदर्शन करण्याची जबाबदारीही याच कायद्याने राष्ट्रीय प्राधिकरणावर सोपविली आहे.

विडी वळणाऱ्या स्त्रिया आणि यंत्रमाग कामगार ही सोलापूरची जुनी ओळख. येथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही बोलली जाते. समजा, एखादी विडी कामगार स्त्री भविष्य निर्वाह निधीची रक्कम अडकल्याची तक्रार घेऊन आली. आधार कार्डावर एक नाव, कारखान्याच्या नोंदीत दुसरे आणि जन्मतारीख तिसरीच, असा घोळ निघू शकतो. हकिकत तिच्या भाषेत ऐकणे, घटना तारखेनुसार मांडणे, कोणते कागद हवेत ते सांगणे आणि मग अर्ज लिहिणे हे काम वर्गात शिकवून येत नाही. कित्येकदा खटल्याची गरजच नसते, योग्य कार्यालयाकडे केलेला नेमका अर्ज पुरतो, हेही येथेच उमगते.

देखरेख अपरिहार्य

सनद नसलेल्या पदवीधराला अशिलाच्या वतीने वकीलपत्र दाखल करता येत नाही. तो मुलाखत घेऊ शकतो आणि मसुदा तयार करू शकतो. परंतु तो मसुदा अनुभवी वकिलाने तपासलाच पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार अर्जावरील पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांच्या आत व्हावी, अशी अपेक्षा आहे. अर्जात निवाऱ्याची किंवा अंतरिम पोटगीची मागणी राहून गेली, तर त्याची किंमत अर्जदार स्त्रीला मोजावी लागते. गरिबाचा खटला हे नवख्याच्या सरावाचे साधन होता कामा नये. देखरेखीविना चालणाऱ्या केंद्रापेक्षा थोडी प्रकरणे घेऊन ती नीट तपासणारे केंद्र अधिक उपयोगाचे.

ऑस्ट्रेलियात पदवीनंतरचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण हा वकिलीचा नेहमीचा मार्ग आहे आणि त्यातील कामाचा कालावधी सामुदायिक विधी केंद्रातही पूर्ण करता येतो. आपल्याकडे २०२२ च्या विधी साहाय्य बचाव वकील योजनेने फौजदारी प्रकरणांसाठी पूर्णवेळ मानधनी वकिलांची सोय केली. त्यात कमी अनुभव असलेल्यांनाही सहायक म्हणून वाव आहे. परंतु खरा प्रश्न सनद मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा आहे. घरची आर्थिक पाठराखण नसलेला तरुण नेमका याच वर्षी वकिली सोडून दुसरी वाट धरण्याची भीती असते. त्या वर्षासाठी मानधन आणि मार्गदर्शक मिळाल्यास वकील टिकेल आणि अशिलालाही आधार मिळेल.

मोफत साहाय्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करता येतो. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे.